कॉम्प्युटरला मेमरी किती लागते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त तळमजल्यावरील हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



या मालेत मला दिलेला विषय होता ‘संगणक आणि ज्येष्ठ नागरिक’. तो मी बदलून घेतला. सचिवांनी फारशी कटकट न करता मान्य केलं, त्यांचे आभार. माझा आजचा विषय असा: एखादं सॉफ्टवेअर चालवायचं तर कॉम्प्युटरला मेमरी किती लागते, आणि हे पैसे मोजण्याआधी कसं ओळखायचं. मी एकतीस वर्षं एका बँकेच्या संगणक विभागात काढली, त्यामुळे या विषयातलं मला सगळं कळतं असा सोसायटीत समज आहे. त्या समजापायी गेल्या वर्षी एका घराचे चौतीस हजार रुपये जवळजवळ वाया गेले. म्हणून विषय बदलला.

झालं असं. गेल्या जूनमध्ये सकाळी फिरून परत येत होतो. गेटवर मामांनी थांबवलं. मामा म्हणजे आपले रात्रपाळीचे मामा, गेली चौदा वर्षं आपल्या गेटवर आहेत, नव्यानं ओळख करून द्यायला नको. त्यांची मुलगी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे, तिसरं वर्ष सुरू होणार होतं. मामांनी मोबाइलवर एका दुकानातल्या लॅपटॉपचा फोटो दाखवला. “साहेब, पोरीला कॉलेजसाठी हा घेऊ का?” माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. हातात दुधाची पिशवी होती. फोटोवर ठळक अक्षरात ‘मेमरी २५६ जीबी’ असं काहीतरी दिसलं, कंपनी बरी वाटली. मी म्हणालो, “चालेल की! घ्या.” आणि लिफ्टकडे वळलो.

सगळं मिळून अर्धं मिनिट. मामांनी बारा हप्त्यांवर लॅपटॉप घेतला.

ऑक्टोबरात एका रविवारी मुलगी तो लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात उभी. म्हणाली, “काका, याला मेमरी २५६ जीबी आहे ना? मग हा मेमरी कमी पडते असं का सांगतो? प्रोग्रॅम उघडायलाच दहा मिनिटं लागतात, आणि रन केलं की सगळं थांबतं. कॉलेजात सर म्हणतात, तुझाच एकटीचा प्रोजेक्ट मागे आहे.”

हे सगळं मी तिला आणि मामांना विचारून सांगतोय. मामा मागे दाराशी उभे आहेत. मुलीचं नाव सांगणार नाही, असं ठरलं आहे.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. गोंधळ ‘मेमरी’ या एका शब्दातच आहे, आणि त्याचा फायदा विकणारे घेतात. कॉम्प्युटरमध्ये आठवण ठेवणाऱ्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक, जिथं वस्तू कायमच्या ठेवतात: तुमचे फोटो, फायली, सगळे प्रोग्रॅम. वीज गेली तरी त्या तिथंच राहतात. ही हार्ड डिस्क किंवा एसएसडी. दुसरी, जिथं काम चालू असताना लागणाऱ्या वस्तू मांडतात. वीज गेली की ही रिकामी. तिला रॅम म्हणतात.

वहिनी आणि काकू मंडळींना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातली कपाटं आणि वरचा माळा. रॅम म्हणजे ओटा. तुमच्याकडे माळा कितीही मोठा असो, त्यावर तीस किलो गहू आणि दिवाळीची सगळी भांडी मावोत, पण पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावरच. हात दुहेरी चालणारे असले, म्हणजे प्रोसेसर वेगवान असला, तरी ओटा दीड फुटाचा असेल तर पोळपाट ठेवला की परातीला जागा नाही. मग परात खाली ठेवा, पोळपाट उचला, परात वर घ्या. दिवसभर उचलठेवच.

त्या मुलीच्या लॅपटॉपला २५६ जीबीचा माळा होता. ओटा होता ४ जीबीचा.

(इथं ए विंगच्या एका काकूंनी विचारलं की जीबी म्हणजे नक्की किती. प्रश्न चांगला होता, उत्तर इथंच घेतो.)

कॉम्प्युटरमधलं सगळ्यात लहान माप बिट, म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिटांची एक बाइट. इंग्रजीचं एक साधं अक्षर एका बाइटमध्ये बसतं. आपल्या देवनागरीला आजकालच्या सर्वात प्रचलित पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे ‘सोसायटी’ या शब्दात स, ओकार, स, काना, य, ट, दीर्घ वेलांटी अशा सात खुणा, एकवीस बाइट. १०२४ बाइटचा एक केबी, १०२४ केबीचा एक एमबी, १०२४ एमबीचा एक जीबी. डिस्क विकणारे मात्र १०२४ऐवजी हजाराच्या हिशेबानं मोजतात. म्हणून ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि लोक दुकानदाराशी भांडतात. तिथं दुकानदाराची चूक नसते. रॅममध्ये हा फरक नाही, ८ म्हणजे ८.

जीबी किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एक सांगतो. आपल्या मुंबईत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भारतात बनवलेला पहिला कॉम्प्युटर १९६०च्या सुमारास कामाला लागला. टिफ्रॅक त्याचं नाव, आणि ते नाव पंडित नेहरूंनी ठेवलं. २७०० व्हॅक्यूम ट्यूबचं यंत्र. त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केलात तर सगळे मिळून १० केबी होतात. आज तुमच्या घरातल्या ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये तशा आठ लाख अडतीस हजार मेमऱ्या बसतील. आणि त्या १० केबीत आपल्या शास्त्रज्ञांनी खरोखरची गणितं सोडवली. आमच्या खात्यातही सुरुवातीला एमबी काटकसरीनं वापरायची सवय होती, पण ते पुराण इथं लावत नाही.

त्या टिफ्रॅकची मेमरी चुंबकीय कड्यांची होती, वीज गेली तरी राहायची. मग आजची रॅम वीज गेली की सगळं विसरते ती का? १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एका कल्पनेचं पेटंट मिळालं: एक बिट ठेवायला एकच ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. जागा अत्यंत कमी लागते, म्हणून स्वस्त. पण तो कपॅसिटर गळका आहे, भोक पडलेल्या घागरीसारखा. म्हणून त्यातला भार सतत पुन्हा भरावा लागतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. ८ जीबीच्या पट्टीत असे सहा हजार आठशे कोटींवर कपॅसिटर असतात. आत्ता या प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये हे पाणी भरणं चालूच आहे. वीज गेली की भरणारा नाही, म्हणून घागरी रिकाम्या.

असो. मूळ मुद्द्यावर येतो, नाहीतर सचिव घड्याळ दाखवतील.

सॉफ्टवेअरच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत ‘आवश्यकता’ म्हणून एक तक्ता असतो. त्यात दोन आकडे असतात, किमान आणि शिफारस केलेला. हा ‘किमान’ शब्द नीट समजून घ्या. किमान म्हणजे या आकड्याच्या खाली आम्ही जबाबदार नाही. त्या आकड्यावर काम सुखानं होईल असं त्यात कुठंही म्हटलेलं नसतं. आपल्या लिफ्टमध्ये ‘सहा व्यक्ती’ लिहिलंय, सहा जण चढतातही, पण सहावा चढला की पहिल्या माणसाची पिशवी कुठं जाते ते आपण सगळे जाणतो.

आपली सोसायटी नोंदवली गेली २००१ साली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आलं. त्याला किमान मेमरी लागायची ६४ एमबी, शिफारस १२८ एमबीची. २००९ साली विंडोज ७ आलं, त्याला किमान १ जीबी, आणि ६४-बिटवालं घेतलं तर २ जीबी. २०२१ साली विंडोज ११ आलं, किमान ४ जीबी. म्हणजे वीस वर्षांत बरोबर चौसष्ट पट. आपलं पार्किंगही २००१च्या हिशेबानं आखलेलं आहे, त्याचं पुढं काय झालं ते प्रत्येक वार्षिक सभेत आपण ऐकतो.

लोक विचारतात की एवढी का वाढते? कामं तीच, पत्र लिहायचं, हिशेब ठेवायचा. थोडा आळस आहे. मेमरी स्वस्त झाली तसं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काटकसर सोडली, हे मी एक जुना प्रोग्रॅमर म्हणून कबूल करतो. पण सगळा आळस नाही. पडद्यावरचे ठिपके वाढले, प्रत्येक फोटो मोठा झाला. ब्राउझरची प्रत्येक टॅब सुरक्षिततेसाठी शेजारच्या टॅबपासून वेगळी ठेवतात, भिंती वाढल्या की विटाही वाढतात. बँकेची साइट एका टॅबमध्ये आणि कुठलीतरी भलती साइट दुसऱ्या टॅबमध्ये उघडी असताना दुसरीला पहिलीत डोकावता येऊ नये, यासाठी ती मेमरी खर्च होते. तिथं मी काटकसर मागणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि माझी चूक इथंच झाली. आकडा एका सॉफ्टवेअरचा बघून चालत नाही. बेरीज करावी लागते. त्या मुलीला मोबाइलची अ‍ॅप बनवायचा विषय होता, त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर लागतं. त्या रविवारी तिच्यासमोर कागद घेतला आणि मांडलं. विंडोज स्वतः आणि त्याबरोबरचं अँटिव्हायरस, अडीच ते तीन जीबी. अँड्रॉइड स्टुडिओ, दीड ते दोन. त्याच्या हाताखाली ग्रेडल म्हणून एक कामगार असतो, प्रोग्रॅम बांधून तयार करणारा. नवीन प्रोजेक्टमध्ये तो दोन जीबीपर्यंत जागा मागतो. मग एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा मोबाइल. तोही शेवटी एक अख्खा फोन, त्याला दोन ते तीन. आणि अडलं की उत्तर शोधायला ब्राउझर, अर्धा ते एक. बेरीज साडेआठ ते अकरा जीबी.

कंपनीचा आजचा तक्ताही हेच सांगतो: नुसतं सॉफ्टवेअर चालवायला किमान ८, एम्युलेटरसकट चालवायला १६. आणि तिच्याकडे ४.

मी जूनमध्ये मामांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: “ती यावर करणार काय आहे?” तो विचारला नाही.

आता, ओटा भरला की कॉम्प्युटर सरळ ‘जागा नाही’ असं म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो काय करतो, ओट्यावरची जी वस्तू बराच वेळ वापरली नाही ती डिस्कवर नेऊन ठेवतो आणि ती जागा दुसऱ्याला देतो. विंडोजमध्ये यासाठी डिस्कवर एक खास फाइल असते. पुन्हा ती वस्तू लागली की दुसरी काहीतरी खाली ठेवून हिला वर आणतो. याला स्वॅपिंग म्हणतात. थोड्या प्रमाणात हे रोज चालतं आणि कळतही नाही. पण गरज ओट्याच्या दुप्पट झाली की कॉम्प्युटरचा सगळा वेळ उचलठेवीत जातो, स्वयंपाक होतच नाही.

किती वेळ जातो त्याचं प्रमाण ऐका. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच आणायला सुमारे दहा मिलिसेकंद. फरक एक लाख पट. समजा ओट्यावरचं मीठ उचलायला एक सेकंद लागतो, तर त्या हिशेबानं हार्ड डिस्कवरून मीठ आणायला एक लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. आमटी उकळतेय, तुम्ही मिठाला उद्या रात्रीपर्यंत थांबलात. एसएसडी असेल तर हजार सेकंद, सतरा मिनिटं. म्हणून एसएसडीवाला लॅपटॉप मेमरी कमी असली तरी लंगडत का होईना चालतो, आणि दुकानात दोन मिनिटं दाखवायला छान वाटतो.

इथं आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा किस्सा सांगायला हवा, कारण तो नेमका उलटा आहे. तीन वर्षांपूर्वी मेंटेनन्सची बिलं काढायला अख्खी दुपार जायची. दुरुस्तीवाला म्हणाला रॅम दुप्पट करा. खजिनदारांनी कोटेशन मागवलं, सभेत मंजूरही होत आलं होतं. मी म्हटलं आधी बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलं की मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. बिलं काढायला लावली आणि बघत बसलो. मेमरी अर्ध्याच्या थोडी वर. डिस्क शंभर टक्के, खाली यायलाच तयार नाही. ओटा रिकामा होता, माळ्याचा जिना मोडका होता. रॅम घेतली असती तर पैसे गेले असते आणि दुपारही गेली असती. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, काम झालं. तेव्हा कॉम्प्युटर हळू झाला म्हणून रॅम वाढवा, हा सल्ला डोकं दुखतंय म्हणून चष्मा बदला अशा प्रकारचा आहे. कधी बरोबर असतो, पण आधी नंबर तपासावा.

(तो ऑफिसचा कॉम्प्युटर आता वेगळ्या कारणासाठी बदलावा लागणार आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ घ्यायला त्याचा प्रोसेसर जुना पडतो. कितीही मेमरी घातली तरी ते सुटत नाही. विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, त्यामुळे इथं बोलत नाही.)

त्या रविवारी मुलीच्या लॅपटॉपवर तोच टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९५ टक्क्यांच्या वर, नुसतं सॉफ्टवेअर उघडलेलं असताना. मी तिला धीर दिला, “काही काळजी करू नको, तपकीर गल्लीत जाऊन एक पट्टी आणू, अर्ध्या तासाचं काम.” मग त्याच पानावर खाली वाचलं. तिथं ‘स्लॉट’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढं ‘सोडिम’ लिहिलं असेल तर लॅपटॉपची पट्टी काढता-घालता येते. हिच्या लॅपटॉपवर लिहिलं होतं ‘रो ऑफ चिप्स’. म्हणजे मेमरीच्या चिप्स मुख्य बोर्डावरच झाळून टाकलेल्या. खात्रीसाठी कंपनीचा मॉडेलचा तक्ता पाहिला. जास्तीचा स्लॉट नाही. जन्मभर ४ जीबी.

मी तिला ते सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. “हप्ते मेपर्यंत आहेत,” एवढंच म्हणाली.

लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी झाळलेली असण्याची शक्यता जास्त. तशी असेल तर आजची नव्हे, पाच वर्षांनंतरची गरज धरून घ्यावी लागते, कारण नंतर बदल नाही. रिकामा स्लॉट असेल तर आज कमी घेऊन पुढं वाढवता येते. आणि पट्टी घेताना पिढी जुळली पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एकीची दुसरीत बसत नाही. जोर लावू नका, बसत नाहीये म्हणजे ती तुमची नाहीच. घरात अगदी जुना कॉम्प्युटर असेल आणि त्यात ३२-बिट विंडोज असेल, तर ४ जीबीच्या वर मेमरी घालून घरगुती विंडोजमध्ये उपयोग नाही. ३२ बिटांत पत्तेच चार अब्ज एकोणतीस कोटी तयार होतात. त्यापुढच्या घरांना नंबरच नाही, पोस्टमन जाणार कुठं?

मग घेताना किती घ्यायची? नुसता पत्रव्यवहार, बँकेचं काम, मुला-नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढंच असेल तर ८ जीबी भरपूर आहे, आणि आधीच घरात ४ असेल तर जरा टॅब बंद करायची सवय लावली की भागतं. शाळेच्या मुलांना ८. प्रोग्रॅमिंग, इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग, व्हिडिओ कापणं-जोडणं असेल तर १६च्या खाली जाऊ नका. आणि कॉलेजनं सॉफ्टवेअरची यादी दिली असेल तर ती यादी घेऊन दुकानात जा, नुसतं मुलाला घेऊन जाऊ नका, तो रंग बघतो.

भाषणानंतर झालेल्या प्रश्नांतले दोन इथं जोडतो. सी विंगमधल्या एका काकांनी विचारलं की त्यांच्या फोनच्या खोक्यावर रॅम ‘८ अधिक ८’ लिहिलंय, म्हणजे सोळा का? नाही. पहिले आठ खरे, दुसरे आठ म्हणजे फोनच्या साठवणीतली उधार घेतलेली जागा, वर सांगितलेला स्वॅपिंगचाच प्रकार. माळ्याचा एक कोपरा ओटा म्हणून रंगवलेला. आणि फोनमधली रॅम ‘साफ’ करणारी अ‍ॅप काढून टाका. फोन मुद्दाम प्रोग्रॅम मेमरीत तयार ठेवतो, ते सतत पुसत राहिलात तर प्रत्येक वेळी पुन्हा भरण्यात बॅटरी जाते. रिकामा ओटा दिसायला छान, पण त्यानं स्वयंपाक होत नाही.

दुसरा प्रश्न एका अकरावीतल्या मुलाचा: घरच्या लॅपटॉपवर एआय चालवता येईल का? याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. मॉडेलमध्ये जेवढे आकडे, गुणिले प्रत्येक आकड्याला लागणाऱ्या बाइट. सात अब्ज आकड्यांचं मॉडेल, प्रत्येकी दोन बाइट, चौदा अब्ज बाइट, म्हणजे साधारण १४ जीबी. तेच आकडे दाबून प्रत्येकी अर्ध्या बाइटमध्ये बसवले तर साडेतीन जीबी, थोडी अचूकता जाते. वर विंडोजचे तीन आणि थोडी वरकड. बेरीज तू कर, असं त्याला सांगितलं. त्यानं केली. वडिलांकडे बघितलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

आता मुलीचं काय झालं ते. पहिल्या आठवड्यात आम्ही लॅपटॉपवर एम्युलेटर बंद करून मामांचा मोबाइल वायरीनं जोडला. खोट्या फोनऐवजी खरा फोन, दोन-तीन जीबी वाचले. पण मामांना रात्री ड्युटीवर फोन लागतो, आणि दिवसा ती कॉलेजात. शिवाय ग्रेडल तरीही अडकायचाच. एक छोटा प्रोग्रॅम बांधायला चहा करून पिऊन व्हायचा. आठ दिवसांनी मला कळून चुकलं की ही मलमपट्टी आहे.

माझ्या टेबलावर माझा लॅपटॉप होता. मुलानं तीन वर्षांपूर्वी येताना आणून दिलेला, १६ जीबीचा. मी टास्क मॅनेजर उघडून दोन दिवस स्वतःच्याच वापरावर नजर ठेवली. बातम्या, बँकेचं पान, सुडोकू, रात्री नातवाशी व्हिडिओ कॉल. सहा जीबीच्या वर आकडा गेलाच नाही. त्यातही निम्म्या टॅब मी उघडून विसरलेल्या होत्या. बाकी दहा जीबी नुसतीच, पाणी भरलेल्या घागरींसारखी उभी.

मामांना म्हटलं, अदलाबदल करू. ते म्हणाले, “साहेब, तुमचा महागाचा आहे. फरक सांगा.” मी म्हटलं फरक काही नाही, माझा तीन वर्षं वापरलेला, तुमचा नवा. ते म्हणाले, “मग नको.” असं दोन दिवस चाललं. शेवटी सौ.नं मध्यस्थी केली आणि तीन हजारांवर मिटलं, महिना पाचशे. मामांनी सहाही महिने पाच तारखेच्या आत आणून दिले, आणि दर वेळी माझ्याकडून वहीत सही घेतली. सौ. मला एवढंच म्हणाली, “अहो, यापुढे कुणाला ‘चालेल’ म्हणायचं तर आधी चष्मा लावत जा.”

मुलीचा प्रोजेक्ट डिसेंबरात पूर्ण झाला. पाण्याच्या टँकरची नोंद ठेवायचं अ‍ॅप आहे, टँकर गेटवर आला की वेळ आणि फोटो टाकायचा. मामांच्या फोनवर चालतं. कार्यकारिणीनं एकदा बघावं अशी माझी सूचना आहे.

तिचा लॅपटॉप आता माझ्याकडे असतो. चार टॅबपर्यंत व्यवस्थित चालतो. पाचवी उघडली की विचार करतो, मग मीही विचार करतो आणि एक बंद करतो.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. नवीन काही घ्यायचं असेल तर घेण्याआधी या. येताना जाहिरातीचा फोटो आणा आणि त्यावर करायच्या कामांची यादी कागदावर लिहून आणा. मी चष्मा घेऊन येईन.